फिरलेले निकाल

गेल्या महिन्यातील गोष्ट. रविवारची सकाळ होती. परीक्षेचे पेपर पुढ्यात घेऊन मी बसलो होतो आणि आमची मुले शेक्सपियरच्या माथी काय काय मारतात याचे नवल करीत होतो. इतक्यात दारात एक जुनी विद्यार्थिनी पेढ्यांचा पुडा घेऊन उभी राहिली. आठ वर्षांपूर्वी ती नांदेडच्या आमच्या महाविद्यालयात माझ्या इंग्रजीच्या वर्गात मागल्या बाकावर बसत असे. तिचे वडील मोंढ्यात एका अडत्याकडे मुनीम आहेत. बी. ए. झाल्यावर तिने कायद्याचा अभ्यास केला, येथील न्यायालयात एका वृद्ध वकिलांच्या हाताखाली तीन वर्षांहून अधिक काळ कागद वाहिले, आणि आता लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून ‘दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, व न्यायदंडाधिकारी, प्रथम वर्ग’ अशा ऐसपैस नावाच्या जागेवर तिची निवड झाली आहे.

पेढे झाले, नमस्कार झाला. निघताना उंबऱ्याशी थबकून तिने विचारले, “सर, तुम्ही न्यायाधीशांच्या घरात वाढलात. या नोकरीत माणसाने कशाला जपावे, ते सांगाल का?”

मी म्हणालो, “प्रकृतीला जप. तालुक्याच्या गावी पाणी उकळून पीत जा.”

ती हसली, थोरांच्या विनोदास लहानांनी हसावे, तितकीच हसली आणि गेली. तिच्या पाठीमागे दार लावताना मला माझीच लाज वाटली. प्रश्न खरा होता, आणि त्याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते असेही नाही. ते माझ्या कपाटात खालच्या खणात, वडिलांच्या एका वहीत पडून आहे. ते काढण्याचे धैर्य त्या सकाळी मला झाले नाही, इतकेच.

आमच्या लोकांच्या मनात न्यायाधीशाचे बहुधा एकच चित्र असते, आणि ते रामशास्त्र्यांचे. नारायणरावाच्या खुनाबद्दल देहान्त प्रायश्चित्त सांगून पेशव्यांच्या दाराबाहेर पडणारा तो ब्राह्मण आम्हांस शाळेतच भेटतो, आणि पुढे सारे न्यायाधीश आम्ही त्याच मापाने मोजतो. परंतु तसा प्रसंग शतकात एखाद्याच्या वाट्यास येतो. बाकीच्यांच्या वाट्यास येतात ते बांधाचे तंटे, भाऊबंदांच्या वाटण्या, पोटगीचे अर्ज, चोरीस गेलेल्या मोटारी, न वटलेले धनादेश, आणि भिंतीवरच्या घड्याळाखाली हात जोडून उभे राहिलेले साक्षीदार. महिन्याच्या अखेरीस किती प्रकरणे निकाली निघाली याचे विवरणपत्र भरून वर पाठवावयाचे असते. रामशास्त्र्यांस तेवढे एक भरावे लागत नव्हते.

या नोकरीची वाट वरवर पाहता सरळ आहे. पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा, मुलाखत. मग मुंबईनजीक उत्तन येथील न्यायिक अकादमीत प्रशिक्षण. मग एखाद्या तालुक्याचे न्यायासन. तेथून पुढे वरिष्ठ स्तर, आणि त्यानंतर जिल्हा न्यायाधीश. जिल्हा न्यायाधीशांच्या जागांपैकी एक चतुर्थांश मात्र थेट भरतात. म्हणजे जेथे पोहोचण्यास एकाचे निम्मे आयुष्य जाते, तेथे दुसरा एका परीक्षेने येऊन बसतो. साठाव्या वर्षी निवृत्ती. उच्च न्यायालयापर्यंत थोडेच जातात. कोवळ्या वयात, कोर्टाची पायरी न चढता नुसत्या पुस्तकी विद्येवर न्यायासनावर बसण्याची जी मोकळीक २००२ पासून होती, ती सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी पुढील भरतीपुरती काढून घेतली आणि तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. माझ्या विद्यार्थिनीने नियमाची वाट न पाहताच ती पुरी केली होती, याचे मला कौतुक वाटते.

आमच्या अण्णांच्या वेळी प्रशिक्षण वगैरे काही नव्हते. त्यांचा जन्म १९३८ चा. त्यांचे वडील, म्हणजे माझे आजोबा, निजामी अमलातील एका मुन्सिफ कचेरीत कारकून होते. तेथील सारा कारभार उर्दूत. मराठी शेतकऱ्याने मराठीत सांगावे, कारकुनाने उर्दूत उतरावे, आणि निकाल काय झाला हे शेतकऱ्याने परत त्याच कारकुनास विचारावे, असा तो मामला. १९२१ साली हैदराबाद संस्थानात न्यायखाते महसुलापासून अलग करण्यात आले. ब्रिटिश मुलुखात ज्याची मागणी वर्षानुवर्षे चालली होती, ते निजामाच्या राज्यात आधी घडले, ही गोष्ट आजोबा मोठ्या अभिमानाने सांगत, आणि त्याच दमात रझाकारांस शिव्याही देत. आजोबांचे दैवत म्हणजे केशवराव कोरटकर. १८६७ साली वसमतच्या मुलुखात जन्मलेला, गुलबर्ग्यास व हैदराबादेस वकिली करून पुढे तेथील हायकोर्टाच्या न्यायासनावर बसलेला हा मराठी गृहस्थ, आपल्या मुलानेही त्या मार्गाने जावे अशी इच्छा त्यांच्या मनात पेरून गेला. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला. हैदराबादच्या हायकोर्टाचे नाते तुटले. आता आम्ही त्यासाठी मुंबईकडे, आणि १९८१ पासून औरंगाबादच्या खंडपीठाकडे पाहू लागलो. मुन्सिफ हा शब्द मात्र गेला नाही. अण्णांच्या दारावर पाटी काहीही असो, खेड्यातला म्हातारा ‘मुन्सफसाहेबाचं घर कंचं?’ असेच विचारी.

अण्णा १९६७ साली नोकरीत शिरले आणि १९९८ साली वरिष्ठ स्तराचे दिवाणी न्यायाधीश म्हणून निवृत्त झाले. जिल्हा न्यायाधीश ते झाले नाहीत. एकतीस वर्षांत त्यांच्या अकरा बदल्या झाल्या. देगलूर, बिलोली, कंधार, उदगीर, अहमदपूर ही नावे इतरांस नकाशावरची गावे वाटतात; मला त्या माझ्या शाळांच्या इयत्ता वाटतात. बदलीचा हुकूम बहुधा उन्हाळ्यात येई. आई भांडी गवताच्या पेंढ्यांत बांधी, आणि तरी प्रत्येक बदलीत लोणच्याची एक चिनी मातीची बरणी फुटे. ‘बदली’ या शब्दास आमच्या घरात अजूनही आंबलेल्या मोहरीचा वास येतो.

न्यायाधीशाच्या घरास गावात शेजार नसतो. एका गावी माझ्या वर्गातील एका मुलाशी माझे फार सख्य जमले. एके दिवशी त्याच्या घरून आंब्यांची पाटी आली. अण्णा कोर्टात होते. आईने ती शिपायास दारातच ठेवावयास सांगितली. परंतु मी त्यांतला एक आंबा उचलून परसात जाऊन खाल्ला. संध्याकाळी अण्णांनी आंबे मोजले नाहीत; माझ्या सदऱ्याकडे पाहिले. पाटी परत गेली, तिच्यासोबत एका आंब्याची किंमत पाकिटात गेली, आणि दुसऱ्या दिवसापासून तो मुलगा माझ्याशी बोलेनासा झाला. त्याच्या चुलत्याचा दावा अण्णांपुढे चालू होता, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. तेव्हा कोणी काही सांगितले नाही. घरी कोर्टाविषयी बोलावयाचे नाही, हा नियमच होता. लग्नास जावयाचे ते अक्षता टाकून परतण्यापुरते. पंक्तीस बसावयाचे नाही. आईच्या बाजूने विचार केला म्हणजे मला आजही वाटते की, या नोकरीची शपथ एकाने घ्यावयाची आणि ती पाळावयाची मात्र सगळ्यांनी, यात थोडा अन्याय आहे.

मोठ्यांच्या चरित्रांत मी पुढे हेच शोधीत गेलो. न्यायमूर्ती रानड्यांस आम्ही न्यायमूर्ती म्हणतो ते उच्च न्यायालयामुळे. परंतु त्या न्यायासनावर ते आठ वर्षेही बसले नाहीत. त्याच्या आधीची बावीस वर्षे खालच्या पायऱ्यांवर गेली. एल्फिन्स्टन कॉलेजातील अध्यापकाची जागा सोडून (आमच्या धंद्यातील उत्तम माणसे अशी निघून जातात) ते १८७१ च्या अखेरीस पुण्यास पहिल्या वर्गाचे सबॉर्डिनेट जज्ज झाले. १८७८ साली नाशिक, १८७९ साली धुळे. वासुदेव बळवंतांच्या बंडाचे ते वर्ष. सरकारचा संशय रानड्यांच्या मागोमाग धुळ्यास गेला होता. मग मुंबईस मॅजिस्ट्रेट, पुण्यास स्मॉल कॉज कोर्ट, आणि दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाच्या कायद्याखालील विशेष न्यायाधीश. १८७५ च्या सुपे येथील दंग्यानंतर झालेल्या या कायद्याने न्यायाधीशास कर्जखतावरील अक्षरांच्या मागे जाऊन खरा व्यवहार काय झाला ते पाहण्याची मुभा दिली होती, आणि ते पाहण्यासाठी रानडे गावोगाव हिंडले. रमाबाईंच्या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आठवणी वाचल्या म्हणजे त्या फिरतीची, सामानसुमानाची, परक्या गावातील एकटेपणाची कल्पना येते. याउलट काशिनाथ त्र्यंबक तेलंग १८८९ साली, चाळिशीही उलटली नसता, वकिलीतून थेट उच्च न्यायालयात गेले. १८९३ साली तेलंग अकाली निवर्तले, आणि त्यांच्या रिकाम्या जागी एक्कावन्न वर्षांचे रानडे आले. दोघेही थोर. पण माझ्या मनाची ओढ, स्वाभाविकपणेच, धुळ्याच्या बैलगाडीकडे आहे.

आणखी एक तऱ्हा मी पुस्तकांत वाचली होती, ती अमेरिकेची. तेथील संघराज्याच्या न्यायालयांत जो न्यायाधीश प्रत्यक्ष साक्षीपुरावा ऐकतो, त्याची परीक्षा कोणी घेत नाही. पंधरा-वीस वर्षे वकिलीत, सरकारी वकिलीत किंवा एखाद्या राज्याच्या न्यायासनावर काढलेल्या माणसाचे नाव राष्ट्राध्यक्ष सुचवितात. सीनेट संमती देते. आणि मग वर्तन चांगले आहे तोवर ते पद जन्मभर त्याचे. वेतन कमी करता येत नाही. देशाचे चौऱ्याण्णव न्यायिक जिल्हे केलेले आहेत. ज्याची जेथे नेमणूक, तेथेच तो बहुधा म्हातारा होतो. गंभीर गुन्ह्याचा खटला पंचांपुढे चालला, तर साक्षीदार खरा की खोटा हे न्यायाधीश ठरवीत नाही. बारा पंच ठरवितात.

हे सारे मी एकदा अण्णांस मोठ्या उत्साहाने सांगितले. ते निवृत्त होऊन लातूरला राहू लागले होते तेव्हा. ते म्हणाले, “बदली नाही म्हणतोस? तुझ्या आईस हे सांगू नकोस.” मग बराच वेळ ते अंगणातील तुळशीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “साक्षीदार खरा की खोटा हे बारा जण ठरवितात?”

मी होय म्हणालो.

“बरे आहे,” ते म्हणाले. त्या दोन शब्दांत काय होते, ते मला पुढे कळले.

तालुक्याच्या न्यायालयास लोक ‘खालचे कोर्ट’ म्हणतात. शब्द रूढ आहे. पण मला तो कधीच बरा वाटला नाही. वरची न्यायालये बहुतेक कागद वाचतात. माणूस पाहावयास मिळतो तो येथे. साक्षीदार बोलताना अडखळतो, घाम पुसतो, वकिलाकडे चोरून पाहतो, किंवा डोळे न हलविता सांगत राहतो. हे अपिलाच्या कागदांत उतरत नाही. म्हणूनच साक्षीदाराच्या वागणुकीविषयी न्यायाधीशास काही लक्षणीय वाटले, तर त्याने ते तेथल्या तेथे नोंदवावे, अशी तरतूद आपल्या दिवाणी व फौजदारी दोन्ही संहितांत आहे. आणि ज्याने माणूस पाहिला त्याच्या मतास वरची न्यायालयेही मान देतात. अण्णांस बढती मिळाली नाही, वाडा मिळाला नाही. या एका अधिकाराचा मात्र त्यांस अभिमान होता. “वर जाणारा एकेक पायरी चढतो तसतसा माणसांपासून दूर जातो,” असे ते म्हणत. त्यात द्राक्षे आंबट असण्याचा थोडा भाग असेलही. परंतु त्यांची नजर खरोखरच तीक्ष्ण होती. वकीलमंडळी म्हणत की, पढवलेला साक्षीदार या साहेबांपुढे टिकत नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीची धरणी हलली. आदल्याच दिवशी गणपती विसर्जन झाले होते. औसा आणि उमरगा तालुक्यांतील गावेच्या गावे, दगडमातीच्या रुंद भिंतींची आणि वर मातीचा थर दिलेल्या माळवदांची ती जुनी घरे, माणसांवर बसली. हजारो माणसे झोपेतच गेली. त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. माती उपसून झाल्यावर, मदतीच्या गाड्या परत गेल्यावर, कोर्टांत जे सुरू झाले त्याविषयी मात्र फारसे कोणी लिहिले नाही.

अण्णा तेव्हा लातूर जिल्ह्यातील एका न्यायालयात होते. त्यांच्यापुढे वाटणीचा एक दावा आला. एका वृद्ध शेतकऱ्याने स्वकष्टाने घेतलेले सहा एकर रान. त्याची बायको पूर्वीच वारलेली. मुलगा पुण्याकडे कारखान्यात. मुलगी गौरी-गणपतीसाठी माहेरी आलेली, तिच्याजवळ आठ महिन्यांचे मूल. त्या पहाटे म्हातारा, मुलगी आणि नातू, तिघेही एका माळवदाखाली गेले. मागे राहिले ते दोघे: पुण्याचा मुलगा आणि त्या मुलीचा नवरा.

अशा वेळी आधी कोण मेले, हे कसे ठरवावयाचे? १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याचे एकविसावे कलम सांगते की, कोण आधी गेले हे कळण्यास मार्ग नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत लहान हा मोठ्याच्या मागून गेला असे धरावे. म्हणजे आधी आजोबा, मग आई, मग मूल. त्या क्रमाने अर्धे रान मुलीकडे येते, तिच्याकडून मुलाकडे व नवऱ्याकडे, आणि मुलाचा वाटा त्याच्यामागे त्याच्या बापाकडे. जावयास तीन एकर. परंतु मूल आधी गेले आणि आई मागून, असे सिद्ध झाले, तर क्रम उलटतो. मागे मूल नसलेल्या बाईस बापाकडून आलेली मिळकत नवऱ्याकडे जात नाही. बापाच्या वारसांकडे परतते. मग सहाही एकर मुलाचे. आई आणि तिचे लेकरू यांच्या शेवटच्या श्वासांत जे अंतर होते, त्या अंतराची किंमत तीन एकर होती.

मुलाच्या बाजूने एकच साक्षीदार होता. शेजारचा मनुष्य. त्या पहाटे त्याची स्वतःची बायको आणि दोन मुले गेली होती. त्याने पिंजऱ्यात उभे राहून सांगितले: “म्या दगडं काढली. बाई जित्ती होती. लेकरू गार पडलं होतं. बाईनं पाणी मागितलं आन् गेली.” उलटतपासणी सुरू झाली. तुझ्याबरोबर कोण होते? भिंत कोणत्या बाजूची पडली होती? उजाडले होते की अंधार होता? पाणी कोणी आणले? प्रत्येक प्रश्नास तो भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून तीच चार वाक्ये, त्याच क्रमाने, त्याच शब्दांत सांगे. आवाज चढत नव्हता, डोळ्यांत पाणी नव्हते. वकिलाने पाच वेळा विचारले. पाच वेळा तेच. अण्णांनी वागणुकीचा शेरा लिहिला. निकालपत्रात त्यांनी म्हटले की, हा साक्षीदार पढवलेला असून त्याच्यावर विश्वास ठेवता येत नाही. सबब कायद्याचे अनुमान कायम राहते. जावयास तीन एकर मिळाले.

१९९७ साली अपिलात हा निकाल फिरला. अंधारात हातांनी दगड उपसणारा मनुष्य भिंतींच्या दिशा सांगू शकत नाही यात नवल नाही, आणि पाच वेळा विचारूनही जो बदलत नाही त्यास केवळ तेवढ्यावरून खोटा ठरविणे बरोबर नाही, असे वरच्या न्यायालयाने म्हटले. प्रकरण तेथे थांबले.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा, नुकताच अध्यापक झालेला. अण्णा खिन्न दिसले म्हणून मी त्यांस म्हणालो, “वरच्यांनी साक्षीदार पाहिला तरी होता काय? पाहिला तुम्ही.” त्यांचाच युक्तिवाद मी त्यांस परत दिला होता. त्यांस तो पटला. त्यांचा चेहरा जरा उजळला, आणि आपण वडिलांचे सांत्वन केले याचा मला आनंद झाला. तो आनंद आज आठवला म्हणजे बोचतो.

अण्णा एक वही ठेवीत असत. जाड पुठ्ठ्याची, हिशेबाच्या वहीसारखी. अपिलात फिरलेल्या आपल्या निकालांची ती यादी होती. दाव्याचा क्रमांक, साल, गाव, आणि शेवटच्या रकान्यात एका ओळीत कारण. ‘मुदतीचा मुद्दा नजरेतून सुटला.’ ‘नोंदणी नसलेला दस्त पुराव्यात घेतला.’ ‘वरच्यांचे मत वेगळे, माझे बदललेले नाही.’ ही अशी शेवटची ओळ सात ठिकाणी आहे. कायम राहिलेल्या निकालांची वही त्यांनी ठेवली नव्हती. त्या दाव्यापुढील रकाना त्यांनी कोरा सोडला होता.

२००३ सालच्या उन्हाळ्यात लातूरच्या एस. टी. स्टँडवर तो साक्षीदार अण्णांस भेटला. त्यानेच ओळखले. वाकून नमस्कार केला, “साहेब, वळखलं का?” म्हणाला, आणि नको नको म्हणत असता चहा घेऊन आला. नव्या वसवलेल्या गावात त्यास घर मिळाले होते. दुसरे लग्न केले नव्हते. दाव्याचा विषय त्याने काढला नाही. अण्णांनीच, का ते त्यांस सांगता येईना, त्या पहाटेविषयी विचारले. तो चौकशीच्या खिडकीवरील घड्याळाकडे पाहू लागला आणि म्हणाला: “म्या दगडं काढली. बाई जित्ती होती. लेकरू गार पडलं होतं. बाईनं पाणी मागितलं आन् गेली.” मग कपबशी परत देऊन आला व म्हणाला, “साहेब, तुमची गाडी कंची?”

ही हकिगत अण्णांनी मला त्याच रात्री सांगितली. मी काही दिवसांसाठी लातूरला गेलो होतो. माळ्यावर उकाडा होता म्हणून आम्ही दोघे अंगणात बाज टाकून पडलो होतो. ते म्हणाले, “त्या माणसाजवळ त्या पहाटेची एवढीच चार वाक्ये उरलेली आहेत. मी तीस वर्षे पढवलेले साक्षीदार पाहिले. ते असेच बोलतात.” थोड्या वेळाने म्हणाले, “निकाल वरच्यांनी दुरुस्त केला. पण ज्याने बायकामुले पुरली त्याला मी खोटा म्हटले, ते माझ्या सहीने टाईप होऊन पडले आहे. ते कोणते अपील दुरुस्त करील?”

मी गप्प राहिलो. १९९७ साली मी जे बोललो होतो, ते त्यांस आठवत असावे. पण त्यांनी ते काढले नाही.

अण्णा २०१४ साली गेले. वही माझ्याकडे आली. इतर सर्व नोंदी शाईच्या आहेत. त्या एका कोऱ्या रकान्यात पेन्सिलीने, म्हातारपणाच्या हलत्या अक्षरात, लिहिले आहे: ‘साक्षीदार खरा होता.’ खाली तारीख आहे. ती आमच्या त्या अंगणातील रात्रीच्या दुसऱ्या दिवसाची.

परवा माझी विद्यार्थिनी प्रशिक्षणास निघण्यापूर्वी पुन्हा भेटावयास आली. तिच्याबरोबर तिचे वडील होते. गृहस्थ माझ्यापुढे खुर्चीवर बसेनात. या वेळी मी कपाट उघडले. वही तिच्यापुढे ठेवली आणि ते पान काढून दिले. हकिगत मी सांगितली. मला वाटले होते त्याहून ती थोडक्यात आटोपली. तिने पान दोनदा वाचले. आधीची पाने उलटली, मुदतीच्या मुद्द्याशी थांबून वकिलाच्या सवयीने मान हलविली, आणि पुन्हा त्या पानावर आली.

“सर,” तिने विचारले, “त्या दिवशी स्टँडवर अण्णांनी त्या माणसाला काही सांगितले का? चुकलो म्हणून?”

मी आठवून पाहिले. हकिगतीत चहा होता, घड्याळ होते, गाडी होती. हे नव्हते. त्या रात्री शेजारी पडलेलो असता ते विचारावयास मला हरकत नव्हती, आणि पुढेही अकरा वर्षे होती.

“ठाऊक नाही,” मी म्हणालो. “मी विचारले नाही.”

तिच्या वडिलांनी घड्याळाकडे पाहिले. मुंबईच्या गाडीची वेळ होत आली होती.